पपई आणि अबोली

आमच्या घराच्या बैठकीच्या खोलीत, वेदीच्या उजव्या हाताच्या भिंतीवर, सहा महिने रंगाचे दोन चौकोन होते. प्रत्येक चौकोन दोन फूट लांब, दोन फूट रुंद. दोहोंच्या मध्ये चार बोटांची पांढरी जागा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हाती घेता घेता त्यांच्याकडे पाही आणि विचारी, "हे काय?" आम्ही सांगत असू, "रंग ठरतोय." २०२२ च्या नाताळात गव्हाणी मांडली तीही त्या चौकोनांच्या शेजारीच. कुसवार वाटायला आलेले शेजारी थट्टा करीत, "अजून ठरतोय का हो रंग?" त्या सहा महिन्यांत आमच्या घरात नेमके काय ठरत होते, हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हते. किंबहुना आम्हां घरातल्या माणसांनाही ते उशिरानेच कळले.

हे घर माझ्या वडिलांनी १९६२ साली बांधले. वसईतल्या त्या काळच्या घरांसारखेच तेही साधे. विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौले, पुढे ओटी आणि मागे केळीची वाडी. पावसाळा ओसरला, भिंतींची ओल हटली, की नाताळच्या आधी घराला चुना लावायचा हा नेम होता. बाबा कळीचा चुना आणून पिंपात टाकीत आणि त्यावर पाणी ओतीत. चुना फसफसून उकळू लागे. आम्हां मुलांना तेव्हा ओटीच्या कठड्याआड उभे राहण्याची ताकीद असे. निवलेला चुना फडक्यातून गाळायचा, त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घालायची, मग कुंच्याने हात द्यायचा. ओला असताना तो चुना भिंतीवर असून नसल्यासारखा दिसे. सकाळी शाळेत जाताना वाटे, बाबांची सारी मेहनत वाया गेली. दुपारी परत येऊन पाहावे तो घर पांढरेशुभ्र! भिंतीच्या पायथ्याशी मात्र कमरेएवढ्या उंचीचा गेरूचा पट्टा असे. तो आईच्या अखत्यारीतला. गेरू ती स्वतः भिजवी, स्वतः कालवी आणि दोरी धरून पट्ट्याची वरची रेघ सरळ आहे की नाही हे स्वतःच पाही. खुर्च्यांचे घासणे, मुलांचे पाय, पावसाचे शिंतोडे हे सारे तो पट्टा पोटात घेई.

२००९ मध्ये बाबा गेले. चुना भिजवणारे हात गेले आणि चुनाही गेला. नंतर दोनदा डिस्टेंपर लावून घेतला. त्याचे पापुद्रे निघू लागले तेव्हा माझ्या मुलीने ठरवले, की आता घर नीट रंगवायचे, आणि निदान बैठकीची खोली तरी पांढरी ठेवायची नाही. "उबदार रंग हवा," ती म्हणाली. वसईच्या उकाड्यात राहणाऱ्या माणसाला उबेचे एवढे अप्रूप का, असे मी विचारले. पण त्या विनोदाकडे कुणी लक्ष दिले नाही.

दुकानातून रंगांचे जाडजूड पुस्तक घरी आले. त्यात हजारांहून अधिक छटा. दोन संध्याकाळ ते चाळून मुलीने दोन छटा निवडल्या. दोन्ही नारिंगीच्या कुळातल्या. त्यांची छापील इंग्रजी नावे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात राहीनात. तेव्हा माझ्या पत्नीने त्यांचे नामकरण केले. एक पपई आणि दुसरी अबोली. नावे अचूक होती. पिकलेली पपई कापल्यावर आत जो पिवळसर नारिंगी रंग दिसतो, त्यात बरेच दूध मिसळले तर जी छटा होईल ती पहिली. दुसरी अबोलीच्या गजऱ्यासारखी, नारिंगीच, पण गुलाबीकडे झुकलेली. गडदपणात दोन्ही सारख्याच. एक पिवळ्याकडे तोंड करून उभी, दुसरी गुलाबीकडे, एवढाच काय तो फरक.

आपल्या भाषेत अशा छटांना नावे देण्याची पद्धत मोठी सोयीची आहे, हे तेव्हा जाणवले. 'नारिंगी' हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. संस्कृतातला 'नारंग' फारसी आणि अरबी मार्गाने युरोपात गेला आणि तिथे त्याचा 'ऑरेंज' झाला. पण मराठी माणसाचे एवढ्या एका शब्दावर कधीच भागले नाही. केशरी, शेंदरी, विटकरी, गेरवा, अबोली अशी नावे तो देत आला. या प्रत्येक नावामागे एक वस्तू आहे. ती वस्तू ज्याने पाहिली त्याला रंग सांगावा लागत नाही. ज्याने पाहिली नाही, किंवा ज्याला ती आता दिसत नाही, त्याला मात्र कितीही सांगून उपयोग नसतो.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे रंगाचे छोटे डबे घरी आले तेव्हा माझे लक्ष प्रथम दुकानदाराने दिलेल्या चिठ्ठीकडे गेले. पांढऱ्या रंगात कोणते रंगद्रव्य किती घातले, हे यंत्र त्या चिठ्ठीवर छापते. दोन्ही चिठ्ठ्यांवर मुख्य नावे तीच होती, पिवळा लोह ऑक्साइड आणि तांबडा लोह ऑक्साइड. पपईत पिवळा जास्त. अबोलीत तांबडा जास्त आणि जोडीला किरमिजी रंगाचा एक लहानसा अंश. मला गंमत वाटली. तांबडा लोह ऑक्साइड म्हणजे गेरूतले हेमटाइट, आणि पिवळा म्हणजे पिवळ्या मातीतले गोथाइट. या गोथाइटला १८०६ साली जर्मन कवी ग्यॉटे यांचे नाव देण्यात आले. पुढे १८१० मध्ये त्यांनी रंगांविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे पिवळे खनिज तापवले की त्यातले पाणी निघून जाते आणि ते तांबडे होते. कौलाची माती भट्टीत लाल होते तीही तिच्यातल्या लोहामुळेच. म्हणजे आमच्या छपरावरची कौले, आईचा गेरूचा पट्टा आणि मुलीने निवडलेल्या या दोन नव्या छटा, सारे एकाच घराण्यातले! हे मी जेवताना उत्साहाने सांगितले. आई म्हणाली, "मग गेरूच लावा की."

तिला चुना आणि गेरूच हवा होता, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा गैरसमज त्यातूनच झाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रंगाऱ्याने भिंतीवर दोन चौकोन रंगवून दिले. पुस्तकातल्या बोटभर तुकड्यावरून रंग ठरवू नये, असे त्याचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. एकच छटा लहान तुकड्यात फिकी वाटते आणि भिंतीभर पसरली की अंगावर येते. चारही भिंती तिनेच रंगवल्या तर त्या एकमेकींवर तोच उजेड फेकतात आणि रंग आणखी गडद भासतो. शिवाय हा नवा रंग चुन्याच्या अगदी उलट वागतो. चुना वाळला की उजळतो, हा वाळला की किंचित काळवंडतो. म्हणून रंग वाळू द्यावा, चार दिवस चारही प्रहरांच्या उजेडात पाहावा आणि मग ठरवावे.

आम्ही पाहू लागलो. सकाळी पूर्वेच्या दारातून ऊन येई तेव्हा पपई हसू लागे आणि अबोली तिच्याशेजारी लाजल्यासारखी वाटे. दुपारनंतर खिडकीतून येणारा उजेड केळीच्या पानांवरून येतो आणि त्यात हिरवी झाक असते. त्या उजेडात अबोली मळकी दिसे आणि पपई कच्ची. रात्री ट्यूबलाइटच्या पांढऱ्या प्रकाशात दोघींमधला फरक सर्वांत स्पष्ट होई; अबोली तर चक्क गुलाबी दिसे. मुलीचे मन अबोलीवर, पत्नीचे पपईवर. मी रोज मत बदलत होतो.

आणि आई म्हणत होती, "दोन्ही एकच तर आहेत."

प्रथम आम्ही हसलो. आईचे वय तेव्हा एक्क्याऐंशी. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि पुन्हा तेच सांगितले, "एकाच डब्यातले दोन हात आहेत. रंगाऱ्याने तुम्हांला फसवलंय." मुलीने तिला भिंतीजवळ नेले, एका चौकोनावर तिचा हात ठेवला, मग दुसऱ्यावर. "आजी, हा बघ पिवळट आणि हा गुलाबी." आई म्हणाली, "मला गुलाबी कळत नाही का?" तिसऱ्या दिवशी हाच वाद पुन्हा निघाला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. चुन्यासाठी चाललेला हा हट्ट आहे, याविषयी माझी खात्री झाली होती. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "आई, तुला दिसत नसेल तर निदान मध्ये बोलू नकोस."

ती काहीच बोलली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ती उठून आत गेली. त्यानंतर चार दिवस तिने माझ्याशी कामापुरतेच शब्द उच्चारले. "अबोलीपायी अबोला," असे माझी पत्नी हळूच म्हणाली. त्या श्लेषावर मला हसू आले, हेही इथे कबूल केले पाहिजे.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. संध्याकाळी सातला घरातले सगळे वेदीपुढे बसतात. पाचव्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच वीज गेली. आमच्याकडे हे नवे नाही; प्रार्थना थांबली नाही. शेवटची विनंती संपली, पत्नी बॅटरी शोधायला आत गेली आणि मी वेदीवरच्या एकट्या मेणबत्तीच्या उजेडात बसून राहिलो. नजर सहज भिंतीकडे गेली. दोन चौकोन दिसत होते. मधली पांढरी फट दिसत होती. पण चौकोन दोन नव्हते. म्हणजे रंग दोन नव्हते. डावीकडची पपई आणि उजवीकडची अबोली, हे मला केवळ पाठ होते म्हणून ठाऊक होते. डोळ्यांना ते दिसत नव्हते. मी मेणबत्ती उचलून भिंतीजवळ नेली. जवळजवळ काहीच फरक नाही. एकाच डब्यातले दोन हात.

तीस वर्षे मी मुलांना लोलकातून प्रकाश दाखवला. मेणबत्तीच्या ज्योतीत पिवळे-तांबडे किरण भरपूर आणि निळे अगदी थोडे असतात, हे मी कितीदा फळ्यावर लिहिले असेल. प्रकाशाचा हा स्वभाव केल्व्हिनच्या आकड्यांत सांगतात. आपली पांढरी ट्यूबलाइट साधारण ६५००, जुना तारेचा दिवा २७००, मेणबत्ती १९०० च्या आसपास. आकडा जितका उतरता, तितका निळा अंश कमी. आता अबोली गुलाबी का दिसते? ती पपईपेक्षा थोडा अधिक निळा प्रकाश परत पाठवते म्हणून. येणाऱ्या उजेडात निळे नसेलच तर तिने परत काय पाठवावे? गुलाबीपण गळून पडते आणि अबोलीची पपई होते.

मी मागे वळलो. आई तिच्या खुर्चीत माळ हातात घेऊन बसली होती.

"आई, तुला दिवसाही हे असेच दिसतात का?"

"असेच म्हणजे?"

"एकसारखे."

"मग इतके दिवस मी काय सांगत होते?" ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. एकेक गोष्ट आठवू लागली. त्याच वर्षी उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी फादर गुलाबी वस्त्रे घालून मिस्सेला उभे राहिले होते. घरी परतताना आईने विचारले होते, "आज फादरांनी केशरी कसं काय घातलं?" आम्ही हसून सोडून दिले होते. माझ्या निळ्या सदऱ्याचे बटण तिने काळ्या दोऱ्याने शिवले होते. मी मनात म्हटले होते, म्हातारपणी आळस येतो. संध्याकाळी ती तांदूळ निवडायला ओटीच्या अगदी कडेला जाऊन बसे. मला वाटे, तिला रस्त्यावरची वर्दळ पाहायची असते. ती प्रत्येक वेळी जे दिसत होते तेच प्रामाणिकपणे सांगत होती. पाहत नव्हतो ते आम्हीच.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. उजव्यात अधिक पिकलेला. वयानुसार डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळे आणि पुढे पिंगट होत जाते, हे त्यांनी समजावले. असे भिंग निळा प्रकाश अडवून धरते. बदल इतका सावकाश होतो, की ज्याचा डोळा त्याला तो कळत नाही. मन रोज थोडी थोडी तडजोड करीत राहते. निळे आणि काळे यांतला फरक पुसट होतो, गुलाबी पिवळटात विरते. थोडक्यात, माझी आई कित्येक वर्षे भर दुपारीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात वावरत होती.

डॉक्टरांकडे वाट पाहत असताना मला चित्रकार क्लोद मोने यांची हकिगत आठवली. बागेतल्या तळ्याची आणि कमळांची चित्रे काढणाऱ्या या फ्रेंच माणसाला मोतीबिंदू असल्याचे निदान १९१२ मध्ये झाले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या चित्रांतला तोच जपानी पूल, तीच झाडे तांबड्या-पिंगट रंगांत बुडत गेली. १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांना सारे जग फाजील निळे दिसू लागले आणि रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहावे लागले. त्या काळी भिंग काढून टाकत. त्याच्या जागी दुसरे बसवण्याची सोय नव्हती. ती कल्पना लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांची. लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊन बसले तरी डोळा त्यांना विरोध करीत नाही, हे त्यांनी हेरले आणि १९४९ मध्ये प्रथमच माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. आज आपल्या गावोगावची म्हातारी माणसे सकाळी जाऊन संध्याकाळी ते भिंग घेऊन घरी येतात आणि आपण त्याचे नवलही करीत नाही.

नोव्हेंबरात आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. घरी आल्यावर तिला खुर्चीत बसवले, तेव्हा आम्ही सारे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती भिंतीकडे पाहत होती. मग तिने तळहाताने डावा डोळा झाकला. थोड्या वेळाने हात बदलून उजवा झाकला. पुन्हा डावा. लहान मूल एखादा खेळ सापडल्यावर करते तसे तिचे चालले होते.

"या डोळ्याला दोन आहेत," ती म्हणाली, "आणि त्या डोळ्याला एकच."

मुलीने टाळ्या वाजवल्या. पण आईचे लक्ष भिंतीवरून वेदीकडे गेले होते. तिथे पवित्र मरियेचा छोटा पुतळा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाबांनी तो वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतून आणला होता. आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"हिचा शेला इतका निळा आहे?"

"आहे ना आई. पहिल्यापासून निळाच आहे."

"हो," ती म्हणाली, "आणला तेव्हा असाच होता. मला वाटलं, धुरानं काळवंडला."

निळा शेला आणि शेजारी नारिंगी भिंत. निळ्याच्या शेजारी नारिंगी ठेवले की दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेतले रसायनशास्त्रज्ञ शव्हरल यांच्याकडे विणकरांच्या रंगांविषयी तक्रारी येत. दोष रंगवलेल्या धाग्यात नसून शेजारच्या धाग्यात आहे, हे त्यांनी ओळखले आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. कोणताही रंग आपल्याला एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासह दिसतो. हे सारे मला त्या क्षणी आठवले. पण या वेळी मी काही शिकवायला गेलो नाही. आई जे पाहत होती ते तिला पाहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो आई ओटीवर माझा निळा सदरा मांडीवर घेऊन बसलेली. तिने बटणाचा काळा दोरा उसवून काढला होता आणि सुईत निळा ओवत होती. पहिल्याच प्रयत्नात दोरा नेढ्यातून गेला. मी तिच्या शेजारी बसलो. चार आठवडे जे जिभेवर येऊन परत जात होते ते म्हणालो, "आई, त्या दिवशी मी तुला नको ते बोललो. मला क्षमा कर."

ती शिवत राहिली. बटण पक्के करून तिने दोरा दातांनी तोडला.

"तू खरंच बोललास," ती म्हणाली. "दिसत नव्हतं."

एवढे बोलून तिने सदरा माझ्या हाती दिला. तिने तो टोमणा म्हणून म्हटले असते तर बरे झाले असते. पण तिच्या स्वरात टोमण्याचा लवलेशही नव्हता. जे शब्द मी तिला बोचावेत म्हणून फेकले होते, ते तिने साधी माहिती म्हणून उचलून जागच्या जागी ठेवून दिले. अशी क्षमा सोसणे कठीण असते.

रंगाचा प्रश्न तसाच होता. आम्ही निर्णय आईवर सोपवला. ती म्हणाली, "एका डोळ्याचं ऐकून कसं ठरवू? दुसराही येऊ दे. मग दोघांना विचारून सांगते." म्हणून नाताळ आला तरी चौकोन तसेच राहिले. जानेवारीत डावा डोळाही झाला. त्यानंतर पंधरा दिवस ती रोज वेगवेगळ्या वेळी खुर्ची हलवून भिंतीसमोर बसे. पत्नीला वाटत होते, ती पपई निवडील, कारण इतकी वर्षे तिला तीच दिसत होती. मुलीला वाटत होते, अबोली. शेवटी ती म्हणाली, "वर अबोली लावा. पपई मी पुष्कळ पाहिली. पण खाली पट्टा गेरूचाच, आणि चुन्यातला."

रंगारी कुरकुरेल असे मला वाटले होते. त्याने मात्र भिंतीच्या पायथ्याशी हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आजींचं बरोबर आहे." जुन्या विटांच्या भिंतीतून ओल खालून वर चढते. नवा रंग म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. तो ओल आत कोंडतो आणि मग फुगून फुटतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. शिवाय गेरू हे मातीतले रंगद्रव्य, चुन्याच्या तीव्रतेने ते विटत नाही. साठ वर्षांपूर्वी आई-बाबांनी कमरेएवढा पट्टा ठेवला तो काही केवळ शोभेसाठी नव्हता. ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो त्यात घराची नस ठाऊक असलेल्या माणसाचा अनुभव होता. आम्ही तिला 'का' म्हणून विचारलेच नव्हते.

२०२३ च्या ईस्टरपूर्वी काम पुरे झाले. वरच्या भागातला जुना डिस्टेंपर आणि चुना गिलाव्यापर्यंत खरवडून काढला, मगच अबोली चढली. खालच्या पट्ट्यासाठी मी कळीचा चुना आणून भिजवला. बाबांइतका तो मला जमला नाही, पण उकळला मात्र खरा. गेरू आईने स्वतः कालवला. दोरी मी आणि मुलीने धरली, आईने खुर्चीत बसून सांगितले, "तुझ्या बाजूने बोटभर वर." आम्ही वर घेतली. रेघ सरळ आली.

रंगाऱ्याला मी एक विनंती केली होती. उजव्या भिंतीवर पवित्र कुटुंबाची तसबीर लावायची होती. तिच्यामागे येणारा पपईचा चौकोन त्याने तसाच ठेवला. तो कुणाला दिसत नाही. तसबीर पुसायला खाली काढतो तेव्हा मला तेवढा दिसतो आणि एक वाक्य आठवते.

आताशा घरात कुणी मला न पटणारे काही सांगितले, तर उत्तर देण्याआधी मी एकदा विचारतो, "तुला नेमकं काय दिसतंय?" प्रत्येक वेळी समोरच्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असतो असे नाही. पुष्कळदा तो माझ्याच डोळ्यांत निघतो, आणि त्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अजून मला भेटायचे आहेत. तोवर विचारणे एवढाच उपाय.

गेल्या ऑक्टोबरात पुन्हा एकदा रोझरीच्या वेळी वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात साऱ्या भिंती पपईच्या झाल्या. प्रार्थना संपली तरी कुणी उठले नाही. बरे वाटत होते. मग वीज आली, पण खोलीतला दिवा बंदच होता. अंधारातून आईचा आवाज आला, "अरे, बटण दाब. अबोली दिसू दे."